गरिबी का हटत नाही? उचलीच्या हिशोबापासून सुरू करू

प्रश्न दोन भागांत होता. जगात धान्य एवढं पिकतंय, पैसा एवढा आहे, मग कोट्यवधी लोक गरीब का? आणि दुसरं, इतक्या योजना आल्या नि गेल्या, गरिबी खरंच कमी करता येते का? सोबत विचारणाऱ्याने स्वतःचा अंदाजही दिलाय, की लोकसंख्या, व्यसनं आणि कष्टाची तयारी नसणं ही मुख्य कारणं असावीत. मी २६ वर्षं मराठवाड्यात, जास्त करून बीड आणि जालन्याच्या गावांत बचत गट, रोजगार हमी आणि ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आरोग्य ह्यावर काम करतेय, मधे एकदा बांगलादेशातलं कामही बघून आलेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी कष्टाचं बोलते, कारण तो शब्द मला फार लागतो.

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रॅक्टरात संसार भरायचा, भांडी, पत्रे, शेळी, तान्ही पोरं, आणि ऊस तोडायला निघायचं सांगली, कोल्हापूर, पुणे नाहीतर कर्नाटकात, ते परत यायचं मार्च-एप्रिलला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत माणसं नाही कोयते मोजतात. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, अंधारात फडात जायचं, नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पोटुशी बाई असली तरी हेच. ज्यांना ह्यात आळस दिसतो त्यांनी एक दिवस फक्त बघायला या.

आता हिशोब. साखर कारखाने आणि मजूर संघटनांच्या २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो, म्हणजे ७३२ रुपये, दोघांचे मिळून, आणि तेही चौदा-सोळा तासांचे. हंगामात प्रत्यक्ष १२० दिवस काम झालं असं धरा, पाऊस, आजारपण, कारखाना बंद, फड बदलणं हे वजा जाता. होतात ८७,८४०. आणि ह्या जोडप्याने निघायच्या आधी मुकादमाकडून एक लाख उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असते. म्हणजे पाच महिने राबून बारा हजार रुपये उलट त्यांच्याच अंगावर, आणि पाच महिने खाण्यासाठी जी खर्ची उचलली ती वेगळी. ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत जाते. पुढच्या वर्षी जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही, जावंच लागतं. (आकडे कोयत्यागणिक बदलतात, एखादं तरणं जोडपं जास्त तोडतं, पण हिशोबाची रीत हीच.)

उचल कशासाठी घेतली हे मी शेकडो घरांत विचारलंय. बोअर मारला आणि पाणी लागलं नाही. सासऱ्याचं ऑपरेशन. पोरीचं लग्न. बैल मेला. सोयाबीन काढणीला आलं आणि पावसात गेलं. म्हणजे एक तडाखा. तो तडाखा तुम्हा-आम्हालाही बसतो पण आपण एफडी मोडतो, मेडिक्लेम काढतो, भावाकडून घेतो. तिच्याकडे मोडायला काय आहे, पुढच्या वर्षीची मजुरी. तीच ती मोडते. माझ्या लेखी गरिबी ही आहे, पुढच्या वर्षाचे कष्ट ह्या वर्षीच विकून झालेले असतात. त्यामुळे ती कितीही राबली तरी पुढे सरकत नाही, कारण ती मागचं फेडत असते.

आणि हे शरीरावर कसं उतरतं ते सांगते. एक दिवस कामाला नाही गेलं तर त्याला खाडा म्हणतात, मजुरी बुडतेच वर दंड लागतो. पाळीच्या दिवसांत, अंगावर पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, फडात संडास नाही पाणी नाही, मग डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका, आणि तीस-बत्तीसच्या बायका पिशवी काढतात. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या ऑपरेशनसाठीही उचलच घ्यावी लागते. मग तिशीत म्हातारपण, कंबर धरते, मोळी उचलत नाही, कोयत्याची कमाई घटते, बाकी वाढते. हे चक्र मी डोळ्यांनी बघितलंय, आणि राग आल्याशिवाय ह्यावर लिहिता येत नाही मला.

आता जगाकडे वळू. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाला माणशी ३ डॉलर केली, आधी ती २.१५ होती. हे बाजारातले डॉलर नव्हेत, लगेच अडीचशे रुपये असा गुणाकार करू नका, त्या त्या देशातल्या स्वस्ताई-महागाईप्रमाणे बेतलेले आहेत, आपल्याकडे २०२१ च्या भावांनी साठ-पासष्ट रुपये होतात. त्या रेषेखाली आज जगात ८० कोटींच्या आसपास लोक आहेत. १९९० मध्ये ह्याच रेषेखाली २३० कोटींच्या आसपास होते. म्हणजे गरिबी हटत नाही हे खरं नाही, प्रचंड हटलीय, पण सगळीकडे सारखी नाही. तेव्हाचे बहुतेक गरीब चीन आणि आपल्या बाजूचे होते, आजचे निम्म्याहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत, आणि त्यातही जिथे लढाया चालू आहेत किंवा सरकार नावापुरतं आहे तिथे. रेषेच्या जरा वर आलेला माणूस गरीब नाही असंही कुणी समजू नये, माझ्या कामातली बहुतेक घरं कागदावर ह्या रेषेच्या वर आहेत, एका आजारपणात खाली येतात.

देशांनाही उचल असते. हैती हा देश घ्या. तिथल्या गुलाम माणसांनी बंड करून १८०४ मध्ये फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं किनाऱ्यावर उभी केली आणि मान्यता हवी तर १५ कोटी फ्रँक भरा म्हणून सांगितलं, कशाबद्दल तर गुलामांच्या मालकांचं नुकसान झालं म्हणून! पहिला हप्ता भरायलाच हैतीला फ्रान्सच्या बँकांकडून कर्ज काढावं लागलं. रक्कम नंतर कमी केली, तरी त्या कर्जाची फेड १९४७ पर्यंत चालू होती. सव्वाशे वर्षं. तेवढ्या काळात ज्या शाळा, रस्ते, दवाखाने व्हायचे ते झाले नाहीत. आपल्या दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातून दरवर्षी संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते ते आकड्यांनी मांडलं तेही ह्याच जातीचं दुखणं. किंवा झांबिया, सगळी भिस्त तांब्यावर, सत्तरच्या दशकात तांब्याचे भाव पडले आणि देश कर्जात गेला, पुढे माफी मिळाली, परत कर्ज झालं, २०२० मध्ये परत हप्ते थकले. एकाच मालावर जगणारा देश आणि एकाच पिकावर जगणारं कोरडवाहू शेत ह्यात मला फार फरक दिसत नाही, भाव दुसऱ्याच्या हातात.

सगळं गोऱ्या साहेबांवर ढकलायचं असंही नाही. घरातली कारणं आहेतच, जमीन कुणाकडे, पाणी कुणाच्या विहिरीत, कोणत्या जातीच्या वस्तीपर्यंत रस्ता गेला आणि कोणत्या वस्तीच्या शंभर पावलं अलीकडे थांबला. फडावर जाणारे बहुतेक लोक वंजारी, बंजारा, दलित, आदिवासी, धनगर समाजातले असतात, हा योगायोग नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ अमर्त्य सेन ह्यांनी तपासला तेव्हा त्यांना हेच दिसलं, तांदूळ अजिबात नव्हता असं नाही, भाव चढले आणि शेतमजूर, कोळी, नावाडी ह्यांच्या हातात तो विकत घ्यायची ताकद राहिली नाही. तीसेक लाख माणसं मेली.

लोकसंख्येचं थोडक्यात. जास्त पोरं हे बऱ्याचदा गरिबीचं कारण नसून तिचाच परिणाम असतो, जिथे पोरं जगायची खात्री नाही आणि म्हातारपणी पेन्शन नाही तिथे जास्त होतात, मुली शिकल्या आणि बाळं जगायला लागली की आपोआप कमी होतात, केरळ बघा, बांगलादेश बघा. व्यसनं आहेत, दारूने घरं बसलेली मी बघितलीत, नाही म्हणणार नाही. पण दारू श्रीमंतांच्या घरातही आहे, तिथे घर बसत नाही कारण खाली आधार असतो.

मग काय केल्याने कमी होते? इथे मला आपल्याच मातीतलं उदाहरण आधी सांगायचंय. १९७२ चा दुष्काळ. माझी आई तेव्हा दहा वर्षांची होती, खडी फोडायला जायची आजीबरोबर, सुकडी आणि मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची चव ती अजून सांगते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसं होती. पिकं बंगालपेक्षा कमी बुडाली नव्हती, उलट जास्तच म्हणा, पण बंगालसारखे मुडदे पडले नाहीत, कारण हातात मजुरी होती आणि मजुरी होती म्हणून व्यापारी धान्य आणत होते. ह्यामागे वि. स. पागे ह्यांची कल्पना होती, त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरला हा प्रयोग आधी करून बघितला होता. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, मागेल त्याला काम. आणि पैसा कुठून आणला? तुमच्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो ना, फेब्रुवारीत ३००, तो कर १९७५ मध्ये मुळात ह्याच्यासाठी आणला. शहराने गावाच्या तडाख्याचा भार उचलायचा असा तो करार होता. २००५ मध्ये देशाने त्यावरूनच १०० दिवसांचा कायदा केला.

हमीचं काम नुसती मजुरी देतं असं लोकांना वाटतं. त्याचं खरं बळ वेगळं आहे. गावात काम मिळणार ही खात्री असली की बाई मुकादमाला नाहीतर पाटलाला म्हणू शकते, एवढ्या पैशात नाही येत. मी स्वतः बघितलंय, ज्या वर्षी एका गावात शेततळ्यांची आणि बांधबंदिस्तीची कामं हिवाळाभर चालली त्या वर्षी शेजारच्या शेतातला बायांचा रोज वाढला, कामावर एकही दिवस न गेलेल्या बायांचासुद्धा. आणि हेही बघितलंय की पुढच्या वर्षी मजुरीचे पैसे चार महिने आले नाहीत, बायका खात्यात पैसे आले का बघायला बँकेत चकरा मारून थकल्या, आणि दसऱ्याला मुकादम रोख घेऊन दारात उभा राहिला. कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी लिहिलेली होती. मुकादम कायदा पाळत नाही पण वेळ पाळतो, आणि पोटाला वेळच कळते. योजना फसते ती बहुतेक वेळा इथे, कल्पना चुकीची असते म्हणून नाही.

कर्ज देऊन गरिबी जाईल असं एक काळ सगळ्यांना वाटायचं, मलाही वाटायचं. बांगलादेशात ग्रामीण बँक झाली, मुहम्मद युनूस आणि बँकेला २००६ मध्ये नोबेल मिळालं, आपल्याकडे मायक्रोफायनान्सवाले गल्लोगल्ली आले. नंतर हैदराबादच्या वस्त्यांत आणि इतर देशांतही नीट तपासणी झाली तेव्हा दिसलं की कर्जाने काहींचा धंदा वाढतो, पण गरिबी सरसकट हटत नाही. कारण जिची पुढची मजुरी आधीच गहाण आहे तिला अजून एक हप्ता म्हणजे अजून एक मुकादम. माझ्या गावांत आठवड्याच्या हप्त्यासाठी बायकांनी डोरली विकलेली आहेत. मी बचत गटांच्या विरुद्ध नाही, आयुष्य घातलंय त्यात, पण अगदी तळाच्या बाईला गटात कुणी घेत नाही आणि घेतलं तरी तिला ते पेलत नाही हे मान्य करायला मला दहा वर्षं लागली.

तिच्यासाठी जे चालतं ते मी बांगलादेशात बघितलं. ब्रॅक ही फझले हसन आबेद ह्यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली संस्था, त्यांनाही हेच जाणवलं होतं की कर्ज तळापर्यंत पोचत नाही. २००२ पासून त्यांनी वेगळी पद्धत काढली. अतिगरीब बाई निवडायची, गावालाच बसवून निवडायची, तिला गाय किंवा शेळ्या द्यायच्या, कर्ज म्हणून नाही, अशाच. पण नुसती गाय दिली तर उपाशी बाई ती विकेल, म्हणून सुरुवातीचे काही महिने खाण्यापुरती रोख. दर आठवड्याला एक कार्यकर्ती घरी येणार, चारा, लसीकरण, हिशोब सगळं शिकवणार. थोडी बचत. औषधपाण्याची सोय. हे सगळं एकत्र, दोनेक वर्षं, मग हात सोडायचा. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू ह्या सहा देशांत दहा हजारांवर कुटुंबांमध्ये हीच पद्धत चिठ्ठ्या टाकून काहींना देऊन, काहींना न देता तपासली, २०१५ मध्ये निकाल आले, मदत संपून वर्ष झाल्यावरही त्या घरांत खाणं, बचत, जनावरं जास्त होती. होंडुरासमध्ये मात्र कोंबड्या दिल्या त्या रोगाने मेल्या आणि फायदा टिकला नाही, हे आमच्यासारख्यांनी पाठ करून ठेवावं. पश्चिम बंगालमध्ये तर दहा वर्षांनीही फरक शिल्लक होता. बिहारने हाच मार्ग २०१८ पासून सरकारी योजना म्हणून धरला.

बांगलादेशच्या आकड्यांतून अजून एक गोष्ट निघालीय जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक उंबरठा असतो. दिलेलं धरून घरात एका मापाच्या वर मालमत्ता गेली तर घर पुढे चढत राहतं, त्या मापाच्या खाली राहिलं तर दिलेलंही हळूहळू संपतं आणि घर परत जुन्या जागी. आपल्याकडच्या कित्येक योजना बरोबर त्या उंबरठ्याच्या खाली थांबतात. एक शेळी, एक शिलाई मशीन, एक फोटो. त्यापेक्षा कमी घरं घ्या पण पुरतं द्या, सलग द्या. आम्हीही काही विधवा बायकांबरोबर हे छोट्या प्रमाणात केलं, चार-चार शेळ्या, वर्षभर किराणा आणि आधी एक काम, मुकादमाची जुनी बाकी फेडून कागद फाडणं. पहिल्या पावसाळ्यात शेळ्या दगावल्या, आम्ही आंत्रविषाराची लस उशिरा दिली होती, चूक आमचीच होती, परत घेऊन दिल्या. आज त्यातल्या काही जणी कोयत्याला जात नाहीत. काही अजून जातात, पण उचल कमी घेऊन.

देश पातळीवर बोलायचं तर जमिनीला पर्याय नाही. दक्षिण कोरिया आणि तैवानने १९५० च्या आसपास कुळांच्या नावावर जमिनी केल्या, खरंच केल्या, आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळल्यावर पुढे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे १९४८ चा कूळ कायदा आणि १९६१ चा सिलिंग कायदा, म्हणजे जमीन किती ठेवायची ह्याची मर्यादा घालणारा, होता, काही ठिकाणी कुळांना जमिनी मिळाल्याही, पण भूमिहीन दलित-आदिवासींपर्यंत फार थोडी पोचली. चीनमध्ये १९७८ मध्ये अनहुई प्रांतातल्या शियाओगांग गावात १८ शेतकऱ्यांनी चोरून अंगठे उठवून सामुदायिक जमीन घरटी वाटून घेतली, पकडले गेलो तर एकमेकांची पोरं सांभाळू असं ठरवून. पुढे सरकारने तेच देशभर केलं, आणि चाळीस वर्षांत ८० कोटींच्या आसपास माणसं अतिगरिबीतून वर आली. त्याच देशात १९५९ ते ६१ मध्ये कोट्यवधी लोक उपासमारीने मेले होते, तेही विसरू नये, हुकूम सोडणारं सरकार चुकलं तर त्याला सांगणारं कुणी नसतं. जमीन नसेल तिथे जंगल आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून बांबू गाव स्वतः विकू लागलं, पैसा ग्रामसभेच्या खात्यात.

आणि दवाखाना. उचलीची कारणं मी वर दिली त्यात आजारपण सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून गावातल्याच, बऱ्याचदा न शिकलेल्या, दलित बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं. गावात बाळंतपण नीट झालं, जुलाबावर मीठ-साखर-पाणी वेळेवर दिलं, की तालुक्याच्या दवाखान्याचा खर्च वाचतो, आणि जो खर्च वाचला तेवढी उचल कमी. गरिबी हटवायच्या चर्चेत लोक उद्योगधंदे बोलतात, कौशल्य बोलतात, ते हवंच, पण घर गळतंय ती जागा आधी बुजवा.

मला खूप जण विचारतात आम्ही काय करायचं, पैसे कुणाला द्यायचे. पैशाचं नंतर बघू. पश्चिम महाराष्ट्रात राहत असाल तर नोव्हेंबरनंतर तुमच्या जवळच्या कारखान्याच्या फडावर जा, बायकांशी बोला, मुकादम नसताना. तीन गोष्टी विचारा, उचल किती, कशासाठी घेतली, मागची बाकी किती. पोरं बरोबर दिसली तर त्यांच्या गावात हंगामी वसतिगृह, आई-बाप फडावर असताना पोरांना गावातच ठेवणारं, चालू आहे का, आणि नसेल तर का नाही हे तिथल्या पंचायत समितीला फोन करून विचारा, असे चार फोन आले की फाइल हलते हा माझा अनुभव आहे. ती उत्तरं लिहून घेऊन या, मग पुढचं सविस्तर बोलू.